एक खोली, मातीच्या भिंती

टाकीखालचा मोठा वॉल्व्ह त्या सकाळी हटून बसला होता. चावीवाल्यानं लोखंडी चावी खड्ड्यात उतरवली, आडव्या दांडीवर दोन्ही हात टाकले, पाय रोवले आणि अंगाचा सगळा भार देऊन हिसका मारला. वॉल्व्ह हलला नाही, तळहातावरचा जुना फोड मात्र फुटला. दुसऱ्या हिसक्याला गंज करकरला, पाइपातली हवा फुसफुसली आणि पाणी खालच्या गल्लीकडे निघालं.

गाव त्याला चावीवालाच म्हणायचं. छातीइतकी उंच ती चावी खांद्यावर टाकून अठरा वर्षं तो रोज सहा वॉल्व्ह उघडत होता आणि सहा बंद करत होता. पाणी उशिरा आलं की शिव्या त्याला, कमी आलं की शिव्या त्याला. वेळेवर आलं तर कुणी काही बोलत नसे, आणि तेच त्याला पुरत असे. कुणाकडून जास्त पाण्यासाठी त्यानं कधी पैसा घेतला नव्हता. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यालाही ठाऊक होतं. जरा जास्तच ठाऊक होतं, असं त्याची बायको म्हणायची.

चौथ्या वॉल्व्हवर असताना कारकुनाची स्कूटर येऊन थांबली. "हे उरकलं की कचेरीत ये," कारकून म्हणाला. "काम आहे."

कचेरीत पंखा होता, पण वीज नव्हती. कारकून सदऱ्याची वरची दोन बटणं उघडी टाकून फाइलीनं वारा घेत बसला होता. समोरच्या बाकावर दवाखान्यातली नर्सबाई औषधांच्या मागणीचा कागद घेऊन थांबली होती.

"तुमचा कागद वर पाठवून आता उपयोग नाही, बाई," कारकून तिला सांगत होता. "पैसा यायची पद्धतच बदलली. आजवर गावात डोकी किती, त्यावर सरकार पैसा द्यायचं. आता गाव घरपट्टी जेवढी गोळा करेल तेवढीच भर सरकार घालणार. त्यातूनच पाणी, त्यातूनच रस्त्यावरचे दिवे, त्यातूनच तुमचा दवाखाना."

"म्हणजे हमरस्त्यावरच्या गावात बंगले आहेत, त्यांना जास्त," नर्सबाई म्हणाली. "तिथली माणसं गाडी काढून शहरातल्या डॉक्टरकडे जातात. त्यांचा दवाखाना मोठा होणार. आणि इथे माझ्याकडे लोक अनवाणी चालत येतात, त्यांचं काय?"

"कागद मी काढलेला नाही, बाई. मला तो वाचायचा पगार मिळतो."

मग तो चावीवाल्याकडे वळला. गावाची शेवटची मोजणी बावीस वर्षांपूर्वीची. तेव्हाची काही घरं पडली, बरीच वाढली. सगळी पुन्हा मोजायची होती. जेवढे फूट जास्त तेवढी पट्टी जास्त आणि तेवढाच सरकारचा वाटा. "फितीचं एक टोक तू धरायचंस," कारकून म्हणाला. "तू सगळ्यांच्या घरात जातोस, तुला कुणी अडवणार नाही."

नर्सबाई उठता उठता म्हणाली, "ताणून धर रे. तुझ्या बहिणीच्या पायाची पट्टी त्याच फितीतून यायची आहे."

मोजणी पाच दिवस चालली. सकाळचं पाणी सोडून झालं की तो कारकुनाबरोबर निघायचा. ऊन डोक्यावर येईपर्यंत पोलादी फीत इतकी तापायची की बोटाला चटका बसायचा. टोक भिंतीच्या कोपऱ्यात दाबून धरायचं, कारकून दुसरीकडे आकडा वाचायचा, मग टोक सोडायचं. फीत सळसळत डबीत परत जायची. इतकंच काम. पण अठरा वर्षांत तो लोकांच्या दारातल्या नळापर्यंतच गेला होता. आता त्याला आत जावं लागत होतं. अंथरुणं गुंडाळून बायका कोपऱ्यात उभ्या राहायच्या. कुणी घाईघाईनं फाटकी चादर पेटीमागे कोंबायचं. एका घरात आजारी म्हातारा जमिनीवर पडलेला होता, त्याच्या अंगावरून फीत न्यावी लागली. म्हातारा म्हणाला, "माझं माप घेताय का? थांबा जरा, अजून वेळ आहे." कारकून हसला. चावीवाल्याला हसू आलं नाही.

सुताराच्या घरी कोंबड्यांचं खुराडं भिंतीला लागून होतं. "तेही मोजा," सुतार म्हणाला. "कोंबड्यांवरही पट्टी बसवा. रोज एक अंडं सरकारला."

"वर छप्पर आहे ना? मग मोजायचंच," कारकून म्हणाला आणि खरंच मोजलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते चावीवाल्याच्या स्वतःच्या गल्लीत आले. बावीस वर्षांपूर्वी त्याचं घर म्हणजे मातीच्या भिंतींची एक खोली होती. नंतर त्यानं आणि बायकोनं मिळून मागे स्वयंपाकाची खोली काढली. पाच वर्षांपूर्वी मुलीच्या अभ्यासासाठी तिसरी खोली काढली, मातीच्या भिंती पाडून विटांच्या केल्या आणि वर स्लॅब टाकला. स्लॅबच्या दिवशी दोघांनी स्वतः घमेली वाहिली होती. आता मुलगी बाहेरगावी शिकत होती आणि तिच्या खोलीत तिची वह्या-पुस्तकं नीट रचून ठेवलेली होती. गल्लीत स्लॅबचं घर त्याचं एकट्याचंच.

कारकुनानं स्लॅबकडे पाहिलं, वहीत पाहिलं आणि पेन कानावर ठेवलं. "तुझं जुनंच राहू दे," तो म्हणाला. "आपलाच माणूस तू."

चावीवाल्याच्या तोंडात शब्द आले होते. "मोजून घ्या की साहेब," एवढंच म्हणायचं होतं. ते म्हणायला वेळही होता, कारण कारकून तिथंच उभा राहून घाम पुसत होता. पण त्यानं फितीची डबी या हातातून त्या हातात घेतली आणि गप्प राहिला. आतून त्याला हलकं वाटलं, हेही खरं.

"आणि ते आपल्या पंचायतीच्या अध्यक्षांचं गोदाम," चालता चालता कारकून रस्त्याकडे बघत म्हणाला, "तेही जुनंच राहू द्यायचं."

तेव्हा त्याला कळलं, की आपलं घर आपल्यासाठी सोडलेलं नाही. फितीचं टोक धरणाऱ्याचं तोंड बंद राहायला हवं होतं, त्याची ती किंमत होती. ती त्यानं न मागता घेतली होती.

पुढच्या वळणावर त्याच्या थोरल्या बहिणीचं घर होतं. मेव्हणे जाऊन सात वर्षं झाली होती. ताई दोन शेळ्या राखायची आणि लोकांची गोधडीची, उशीची शिवणकामं करायची. साखरेच्या आजारानं तिच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली होती, ती भरता भरत नव्हती. नर्सबाई रोज सकाळी ती धुऊन पट्टी बांधायची.

"ये रे बारक्या," ताई दारातूनच म्हणाली. पन्नाशीला टेकलेल्या भावाला तिनं दुसरी हाक कधी मारली नव्हती. "सरकारी माणूस झालास आता. बसा साहेब, चहा टाकते."

"चहा नको. मागे काय आहे?"

"गोठा होता. गाय विकली, छप्पर उडालं. नुसत्या भिंती उभ्या आहेत."

कारकून मागे जाऊन पाहून आला. "एका कोपऱ्यावर पत्रा आहे."

"शेळ्या बांधते तिथे. साहेब, तो पत्रा म्हणजे ताटावरचं झाकण आहे, तेवढाच."

"छप्पर ते छप्पर. धर रे टोक."

चावीवाला गोठ्याच्या भिंतीशी वाकला. भिंत त्याच्याच हातांनी बांधलेली होती, मेव्हण्यांबरोबर, एका पावसाळ्याआधी. त्यानं टोक धरलं. त्याला वाटलं, बोटभर आत धरावं, फूटभर कमी भरेल. पण तेवढ्यात ताईच म्हणाली, "नीट धर बारक्या. माझ्यामुळे तुझ्यावर बोट नको यायला." त्यानं नीट धरलं. पूर्ण गोठा मोजला गेला.

संध्याकाळी बायको खुरपणीवरून आली. पायांवरची माती धुता धुता तिनं विचारलं, "आपली गल्ली झाली?"

"झाली."

"आपलं घर?"

"जुनंच ठेवलं त्यांनी."

तिनं तांब्या खाली ठेवला. "तुम्ही काही बोलला नाहीत?"

"नाही."

तिनं ओले पाय पदरानं पुसले. "बरं," ती म्हणाली. मुलीची फी भरायची होती, हे दोघांनाही माहीत होतं. जेवताना ताईच्या गोठ्याचं त्यानं सांगितलं, तेव्हा तिचा घास हातात राहिला.

पंधरा दिवसांनी कचेरीच्या भिंतीवर यादी लागली. काळ्या फळ्यावर पांढऱ्या रंगानं प्रत्येक घर, त्याचे फूट, त्याची पट्टी. लोक उन्हात उभं राहून स्वतःची ओळ वाचत आणि मग शेजाऱ्याची. चावीवाल्याच्या ओळीत लिहिलं होतं, एक खोली, मातीच्या भिंती, एकशे चाळीस फूट. ताईची पट्टी दुपटीहून वाढली होती. सुताराचं खुराडंसुद्धा यादीत होतं.

त्या दिवसापासून त्यानं कचेरीसमोरचा रस्ता सोडला. पाचव्या वॉल्व्हकडे जायला तो शाळेमागून वळसा घेऊ लागला.

पट्टी भरायला पहिली आली ती ताई. एक शेळी विकून, मागचा पुढचा काही हिशेब न घालता तिनं पैसे टेबलावर ठेवले. चावीवाला तेव्हा नाइलाजानं कचेरीत पंपाच्या बिघाडाची नोंद करायला गेला होता. कारकून चाटच पडला. "एवढी घाई नव्हती," तो म्हणाला.

"असू दे. मी रोज नर्सबाईकडे जाते. फुकटचं खाल्लं असं कुणी म्हणायला नको." मग भावाकडे बोट दाखवून म्हणाली, "आणि याचा पगारही त्यातूनच ना? भावाला पोसतेय समजा." ती हसली. कारकूनही हसला. चावीवाला वहीत तारीख लिहीत होता, ती त्यानं दोनदा चुकवली.

गावानं कुरकुरत का होईना पट्टी भरली. खुराड्यावाला सुतारही भरून गेला. तरीही पावसाळ्याच्या तोंडाशी वरून आलेल्या कागदात आकडा कमी पडला होता. गोळा झाली ती पट्टी आणि तेवढाच सरकारी वाटा मिळून सगळं भागत नव्हतं. अध्यक्षांनी बैठक घेतली. पाणी तोडलं तर लोक रस्त्यावर येतील, म्हणून पाणी राहिलं आणि पाणी सोडणाराही राहिला. निम्मे दिवे बंद झाले. आणि दवाखाना सहा दिवसांऐवजी एक दिवस, फक्त मंगळवारी. बाकीचे दिवस नर्सबाईला हमरस्त्यावरच्या गावात नेमलं.

जाण्याआधी नर्सबाई ताईकडे आली, पट्ट्यांची एक पिशवी आणि औषधाची बाटली ठेवून गेली. "पाणी उकळून घ्यायचं, हात साबणानं धुवायचे, जखम कोरडी करायची, मग पट्टी," असं तिनं चावीवाल्याच्या बायकोला दोनदा सांगितलं. चार दिवस बायकोनं केलं. मग खुरपणी दूरच्या रानात लागली. अंधारात जायचं, अंधारात यायचं. ताई म्हणाली, मी करते माझं. पण तिला नीट वाकता यायचं नाही आणि डोळ्यांनाही जवळचं नीट दिसेना झालं होतं. ती पट्टी तीन तीन दिवस तशीच ठेवू लागली.

पावसाची झड लागली. चावीवाला मंगळवारी ताईला सायकलच्या मागे बसवून दवाखान्यात न्यायचा. दुसऱ्या मंगळवारी नर्सबाईनं पट्टी सोडली आणि वासानं तिनंच मान मागे घेतली.

"आजच्या आज शहरात न्या," ती म्हणाली. "आजच." मग हात धुताना, त्याच्याकडे पाठ करून, म्हणाली, "जखम रोज बघितली असती तर इथवर आली नसती. मी रोज येत होते तोवर नखाएवढी होती."

शहराच्या सरकारी दवाखान्यात ताईचा अंगठा आणि शेजारचं बोट काढलं. चावीवाला चार दिवस तिथल्या व्हरांड्यात राहिला. गावात वॉल्व्ह त्याची बायको उघडत होती. चावी तिच्या खांद्याला लागायची, तिनं पंचा गुंडाळून बांधला होता.

पाचव्या दिवशी घरी सोडलं. दूध नेणाऱ्या टेम्पोत मागे, रिकाम्या कॅनमध्ये जागा करून दोघं बसले. ताईचा पाय त्यानं आपल्या मांडीवर घेतला होता, खड्ड्यात हिसका बसू नये म्हणून. कॅन एकमेकांवर आपटत होते. पट्टीकडे बघता बघता त्याला राहवलं नाही.

"ताई, माझं घर मोजलंच नव्हतं."

"माहीत आहे."

त्याला वाटलं, कॅनच्या आवाजात तिला नीट ऐकू गेलं नाही. "माझं घर. कारकुनानं जुनंच लिहिलं. मी तिथे उभा होतो."

"अरे माहीत आहे म्हटलं ना. फळ्यावर एवढं मोठं लिहिलंय, एक खोली, मातीच्या भिंती. मला काय वाचता येत नाही? माझ्या अंगणातून तुझा स्लॅब दिसतो."

"मग बोलली का नाहीस?"

ताईनं पाय थोडा सरकवला. "कुणाला बोलू? गावात सगळ्यांना माहीत आहे. नळावर बायका त्यावरच बोलत होत्या. मी गेले की विषय बदलायच्या. तू आलास की पुरुष बदलतात. तुझी लाज राखतात रे ते. अठरा वर्षं पाणी सोडलंस त्यांना."

त्यानं मान खाली घातली. इतके महिने तो शाळेमागून वळसा घेत होता, ते सगळं गाव बघत होतं आणि न बघितल्यासारखं करत होतं. सुतार सकाळी हात वर करायचा तो तसाच. तो आजारी म्हातारा आतून हाक मारायचा तो तसाच. कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. टेम्पोच्या मागच्या फळीवर चिखल उडत होता. तो ताईच्या पायावर येऊ नये म्हणून त्यानं पुढे हात धरला आणि गाव येईपर्यंत तो तसाच धरून ठेवला.

घरी आल्यावर त्यानं बायकोला सांगितलं. ती चुलीशी बसली होती. "मलाही कळत होतं," ती म्हणाली. "मी नळावर गेले की बायका पावसाचं बोलायला लागतात. इतकं पावसाचं कोण बोलतं?" मग तिनं तोंड फिरवून घेतलं. "त्या दिवशी मी 'बरं' म्हणाले. ते मी म्हणायला नको होतं."

दुसऱ्या दिवशी तो कारकुनाकडे गेला आणि म्हणाला, माझं घर मोजा.

कारकुनानं दाराकडे पाहिलं. "वेड लागलं का तुला? वर्ष बंद झालं. वही वर गेली. आता मोजलं तर पुढच्या वर्षाला धरणार."

"पुढच्या वर्षाला धरा."

"आणि मधे कसं राहिलं म्हणून विचारलं तर? मी काय सांगू? तुझी नोकरी कुणाच्या सहीवर चालते, तेही जरा आठव." आवाज खाली आणून तो म्हणाला, "तुझ्या पाचशे फुटांनी नर्स परत येणार नाही. उगाच हात दाखवून अवलक्षण."

हे खरं होतं. चावीवाला तसाच बाहेर पडला.

रविवारी सकाळी शाळेच्या पटांगणात गावसभा होती. पाऊस थांबला होता, लोक पोती अंथरून चिखलावर बसले होते. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. अध्यक्षांनी दवाखान्याचं सांगितलं. "सरकारचं धोरण आहे. गाव जेवढं देईल तेवढंच ते देणार. आपल्या हातात काय आहे?" लोकांनी माना हलवल्या. ते खरंच होतं, आणि सोयीचंही होतं.

चावीवाला उभा राहिला. त्याला सभेत उभं राहायची सवय नव्हती. त्यानं टोपी काढली आणि मग ती कुठे ठेवायची ते कळेना.

"थोडं होतं," तो म्हणाला. "हातात थोडं होतं. फळ्यावर माझं घर एक खोली लिहिलंय. तीन आहेत. वर स्लॅब आहे. मी फीत धरून होतो. बहिणीचा पडका गोठा मोजला आणि आपलं मोजलं नाही. मी बोललो नाही."

मग मागून सुतार म्हणाला, "हे आम्हाला आज कळलं वाटतं?" आणि लोक हसले. चेष्टेचं हसणं नव्हतं ते. पोरानं चड्डीत केल्याचं सगळ्यांना आधीच कळलेलं असतं आणि मग ते पोर येऊन रडत सांगतं, तेव्हा घरातले हसतात, तसं. चावीवाल्याचे कान तापले. आयुष्यात त्याला इतकं उघडं कधी वाटलं नव्हतं. टेम्पोत ताईसमोरही नाही.

"बस खाली," अध्यक्ष म्हणाले. "बहिणीच्या दुखण्यानं मन हळवं झालंय. समजतो आम्ही."

तेव्हा बायकांतून त्याची बायको उभी राहिली. "पाचशे बारा फूट," ती म्हणाली. "मी मोजलंय, कपडे शिवायच्या फितीनं. दोनदा मोजलंय. लिहून घ्या."

आता कुणी हसलं नाही. सुतारानं आजूबाजूला पाहिलं आणि सावकाश म्हणाला, "माझ्या कोंबड्या मोजल्यात, अध्यक्ष. मग गोदामही मोजा की."

एकदम कालवा झाला. कुणी ओरडलं, कुणी कुणाला खाली बसवलं. अध्यक्षांनी पावसाचं कारण सांगून सभा संपवली, आभाळ निरभ्र असताना.

बुधवारी कारकून फीत घेऊन आला. टोक धरायला त्यानं सुताराला आणलं होतं. चावीवाला दारात उभा राहिला आणि गल्ली बाहेर जमली. इतरांच्या घरात जसा तो फिरला होता, तसेच ते आता त्याच्या घरात फिरत होते. बायकोनं अंथरुणं गुंडाळली आणि कोपऱ्यात उभी राहिली. मुलीची पुस्तकं बाजूला सारून फीत भिंतीला लागली. कारकुनानं मोरी मोजली, कपडे धुवायच्या दगडावरचा पत्रा मोजला, दारावरचा वीतभर छज्जा मोजला. "छप्पर ते छप्पर," तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. पाचशे एकतीस भरले. माहिती लपवल्याचा दंड वेगळा.

"आमच्या वन्संचा गोठा वगळा," बायको म्हणाली. "तिथे छप्पर नाही, सगळ्यांना माहीत आहे."

"त्याला अर्ज लागतो. वर पाठवावा लागतो."

"आणि गोदाम?"

"त्याचाही अर्ज वर गेलाय," कारकून म्हणाला आणि वही मिटली.

पैसे भरायला त्याला सायकल विकावी लागली. नळावर बायका आता त्याच्या बायकोशी पावसाशिवाय दुसरंही बोलत होत्या, पण अजून थोडं जपून. अध्यक्षांनी पाण्याचं काम काढून घेतलं नाही. पण पगाराच्या दिवशी त्याला सगळ्यांच्या शेवटी बोलावलं आणि दाराबाहेर तासभर उभं ठेवलं. तो उभा राहिला. दवाखाना मंगळवारचाच राहिला. निदान पुढचं वर्ष लागेपर्यंत तरी.

पावती घेऊन तो ताईकडे गेला. ताई भिंतीला टेकून बसली होती, पाय पाटावर ठेवलेला.

"हे काय?" तिनं कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "मला कशाला दाखवतोस? मी काय सरकार आहे?"

त्यानं पावती परत घेतली.

"ठेव ती खिशात. भिजेल. वहिनी आज आली नाही, तिला उशीर होणार म्हणाली. पट्टी बदलायची आहे."

"मी करतो."

"तुला येतं?"

"ऐकलंय मी, नर्सबाई तिला सांगत होती तेव्हा."

त्यानं पाणी उकळायला ठेवलं. साबणानं हात कोपरापर्यंत धुतले, नखं घासली, परत धुतली. पाणी निवू दिलं. मग तो तिच्या पायाशी बसला आणि पट्टीची गाठ सोडू लागला. शेवटचा पदर चिकटला होता. त्यानं तो ओला करून हळूच उचलला. खाली दोन बोटांच्या जागी लाल, ओला खड्डा होता, कडेला टाके. त्याची नजर आपोआप भिंतीकडे गेली.

"इकडे बघ," ताई म्हणाली. "भिंतीला बांधणार आहेस का पट्टी?"

त्यानं बघितलं. कापूस ओला केला आणि कडेकडेनं पुसायला लागला. ताईनं दात आवळले, मांडीखालची गोधडी मुठीत धरली.

"दुखतंय?"

"दुखणारच. तू थांबू नको."

त्यानं कापूस बदलला आणि पुन्हा खाली वाकला.